दुसऱ्या अल्बमची कसोटी : ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) आणि ‘डेझर्ट रेन’ (१९९७) यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

मराठी समीक्षेने संगीताचा विचार केला तो प्रामुख्याने अभिजात संगीत, नाट्यसंगीत, भावगीत आणि लोकसंगीत या चार अंगांनी. चित्रपटगीतांकडेही उशिरा का होईना, लक्ष गेले. रॉक संगीत मात्र या विचारातून जवळजवळ वगळले गेले. ते परकीय आहे, महानगरी आहे, इंग्रजीत आहे आणि तरुणांच्या क्षणिक उत्साहाचे आहे, अशी चार कारणे त्यासाठी गृहीत धरली गेली. ही कारणे तपासून पाहण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटली नाही. वास्तविक मुंबई हे भारतातील रॉक संगीताचे एक महत्त्वाचे केंद्र राहिले आहे. तेथे १९८४ साली उभा राहिलेला ‘रॉक मशीन’ हा बँड आणि त्याचे पुढील ‘इंडस क्रीड’ हे रूप महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

प्रस्तुत लेखात दोन अल्बमांचा तौलनिक विचार केला आहे. पहिला, मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा दुसरा अल्बम ‘द सेकंड कमिंग’ (१९९०). दुसरा, दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचा दुसरा अल्बम ‘डेझर्ट रेन’ (१९९७). दोहोंत सात वर्षांचे अंतर आहे. परंतु या सात वर्षांत भारतीय अर्थव्यवस्था, दूरचित्रवाणी आणि ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय ही तिन्ही क्षेत्रे आमूलाग्र बदलली. एका अल्बमला आपण सहजपणे ‘पाश्चात्त्य’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘भारतीय’ किंवा ‘मिश्र’. ही विशेषणे दोन्ही कृतींची घडण समजून घेण्यास अपुरी पडतात, एवढेच नव्हे तर आपल्या महाविद्यालयीन सांस्कृतिक व्यवहारात ती प्रत्यक्ष हानीही करतात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘दुसरी कृती’ : एक समीक्षासंज्ञा

कलावंताच्या पहिल्या कृतीकडे कुतूहलाने पाहिले जाते; दुसऱ्या कृतीकडे संशयाने. मराठी वाचकांना याचे उदाहरण बाहेर शोधावे लागणार नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतरची ‘बिढार’ १९७५ मध्ये. मधल्या बारा वर्षांत ‘कोसला’ने निर्माण केलेल्या अपेक्षांचा भार ‘बिढार’च्या स्वीकारावर पडला, हे तत्कालीन चर्चेवर नजर टाकली तरी जाणवते.

बँडच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पहिल्या अल्बममधील गाणी ही साधारणतः अनेक वर्षांच्या तालमी, छोटे कार्यक्रम आणि मित्रमंडळींतील चर्चा यांतून घासून निघालेली असतात. दुसऱ्या अल्बमला तेवढा अवकाश मिळत नाही. श्रोते आणि कंपनी थांबायला तयार नसतात. दुसरे असे की, बँड ही सामूहिक निर्मिती आहे. पहिल्या अल्बमनंतर सभासद बदलतात, मतभेद होतात, कोणी नोकरीकडे वळतो. म्हणून दुसऱ्या अल्बममध्ये बँडची खरी प्रकृती कळते. पाश्चात्त्य रॉकच्या इतिहासात याची दोन्ही टोके दिसतात. ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) हा दुसरा अल्बम होता आणि त्याने त्या संगीताचे जागतिक स्थान पालटले. उलट ब्रिटनच्या ‘द स्टोन रोझेस’ या बँडने १९८९ च्या गाजलेल्या पहिल्या अल्बमनंतर तब्बल पाच वर्षे लावली आणि १९९४ मध्ये आलेल्या दुसऱ्या अल्बमचे नाव ठेवले ‘सेकंड कमिंग’. चार वर्षे आधी मुंबईतील तरुणांनी जवळजवळ हेच नाव आपल्या दुसऱ्या अल्बमसाठी निवडले होते, हा योगायोग लक्षणीय आहे. येशूच्या पुनरागमनाची ख्रिस्ती कल्पना आणि विल्यम बटलर यीट्सची याच नावाची कविता यांचे स्मरण करून देणारे हे शीर्षक एका अर्थी थट्टेचे आहे आणि एका अर्थी धास्तीचे. ‘आम्ही पुन्हा आलो आहोत’ असे सांगावे लागणे यातच आपण पुन्हा येऊ शकू की नाही याची शंका दडलेली असते.

पार्श्वभूमी : मराठीत रॉक आले ते रंगभूमीवरून

मुंबईतील इंग्रजी रॉक आणि मराठी कलाव्यवहार यांच्यात भिंत होती, असे मानण्याचा प्रघात आहे. ती भिंत ओलांडल्याचे एक ठळक उदाहरण नंदू भेंडे (निधन २०१४) यांचे आहे. आत्माराम भेंडे यांच्यासारख्या मराठी रंगकर्मीच्या घरात वाढलेल्या या गायकाने अ‍ॅलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक-संगीतिकेत १९७० च्या दशकात ज्यूडासची भूमिका केली. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये त्यांनी अंकुश साकारला. पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीच्या या नाटकाच्या संगीताशी भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि स्वतः भेंडे ही तीन नावे निगडित आहेत. मूळ ब्रेख्त-वाइल यांची १९२८ ची संगीतिका, तिच्यामागे जॉन गेची १७२८ ची ‘बेगर्स ऑपेरा’, आणि मराठीत तिचे झालेले तमाशाप्रधान रूप, असा हा तीन संस्कृतींचा प्रवास आहे. त्यात लावणीची ढोलकी आणि रॉकचे गिटार एकाच रंगमंचावर आले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मराठी प्रेक्षकाने हे संगीत नाटकाच्या चौकटीत स्वीकारले. स्वतंत्र बँड म्हणून त्याला मराठीत उभे राहण्याची संधी मिळाली नाही. नाटक संपले की ते संगीतही संपले. मराठी भाषेतील एखादा रॉक बँड त्या काळात पहिला अल्बम काढून दुसऱ्यापर्यंत पोहोचल्याचे ठळक उदाहरण आपल्या सांस्कृतिक स्मृतीत नाही. म्हणून महाराष्ट्रातील रॉकच्या दुसऱ्या अल्बमचा विचार करताना आपल्याला मुंबईच्या इंग्रजी बँडकडे जावे लागते.

‘द सेकंड कमिंग’ : घडण आणि स्वीकार

‘रॉक मशीन’शी जोडलेली प्रमुख नावे म्हणजे गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बास गिटारवादक मार्क सेल्विन, तालवादक मार्क मेनेझिस आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया. ही नावे वाचली तरी त्या बँडचे सामाजिक स्वरूप लक्षात येते. कोकणी-मराठी, गुजराती, ख्रिस्ती, पारशी असे हे मुंबईचे मिश्रण आहे. या तरुणांना परस्परांशी जोडणारी भाषा इंग्रजी होती आणि परस्परांशी जोडणारे संगीत रॉक होते. त्यांनी इंग्रजीत गाणे हे मातृभाषेशी केलेले द्रोहाचे कृत्य नव्हते, तर एकत्र येण्याची ती सहज उपलब्ध अट होती.

१९८० च्या दशकात भारतीय रॉक बँडांकडून श्रोत्यांची अपेक्षा एकच असे : परदेशी बँडांची गाणी जशीच्या तशी वाजवावीत. ज्यांच्या मूळ ध्वनिमुद्रिका महाग किंवा दुर्मीळ होत्या, ज्यांचे कार्यक्रम भारतात होण्याची शक्यता नव्हती, त्यांची प्रतिकृती ऐकणे हाच आनंद होता. अशा वातावरणात स्वतःची गाणी वाजवणे म्हणजे श्रोत्यांचा रोष ओढवून घेणे होते. ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये सीबीएसतर्फे ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित गाण्यांचा अल्बम काढला आणि दोन वर्षांनी ‘द सेकंड कमिंग’ हा दुसरा. आज ऐकताना या गाण्यांतील पाश्चात्त्य हार्ड रॉकचे व्याकरण उघडपणे जाणवते : दोन गिटारांची मांडणी, कीबोर्डची भरण, उंच पट्टीतील गायन. पण ‘स्वतःचे गाणे’ हा आग्रह त्यांनी पहिल्या अल्बमनंतर सोडला नाही, ही गोष्ट व्याकरणापेक्षा महत्त्वाची आहे. पहिला अल्बम हे धाडस असू शकते; दुसरा अल्बम ही भूमिका असते.

या अल्बमच्या स्वीकाराचा विचार करताना त्याच्या कालखंडाकडे पाहावे लागते. मुंबईतील धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह या संगीताचे घर होते. तेथे १९७८ पासून ‘जॅझ यात्रा’ भरली आणि १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. श्रोता होता, पण तो रंगभवनच्या आवारापुरता. हा अल्बम १९९० मध्ये आला तेव्हा तो देशभर पोहोचवणारी यंत्रणा अस्तित्वात यायची होती. उपग्रह वाहिनीवरून ‘एमटीव्ही’ १९९१ मध्ये भारतात दिसू लागली. आर्थिक उदारीकरणाची घोषणा त्याच वर्षाच्या जुलैमध्ये झाली. अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक १९९३ मध्ये निघाले. ‘चॅनल व्ही’ १९९४ मध्ये आणि ‘एमटीव्ही इंडिया’ १९९६ मध्ये. म्हणजे ज्या साधनांनी पुढच्या पिढीतील बँडना श्रोते आणि समीक्षक दिले ती सर्व या अल्बमनंतरची आहेत. दुसऱ्या अल्बमचे यशापयश ठरवताना आपण केवळ कृतीकडे पाहतो. प्रत्यक्षात तो कोणत्या रस्त्याने श्रोत्यांकडे जाणार होता आणि तो रस्ता तयार होता का, हेही पाहिले पाहिजे. ‘द सेकंड कमिंग’ रस्ता होण्याआधी निघालेला प्रवासी आहे.

रस्ता तयार होताच बँडने नाव बदलले. १९९३ मध्ये ‘रॉक मशीन’ हे ‘इंडस क्रीड’ झाले आणि १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. १९९७ मध्ये बँड थांबला. २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. ‘यंत्र’ सोडून ‘सिंधू’कडे वळणारे हे नामांतर सूचक आहे. जगभर दिसणाऱ्या वाहिनीवर उभे राहताना ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न पहिल्यांदाच अटळ झाला. रंगभवनमध्ये तो कोणी विचारत नव्हते. पुढे उदय बेनेगल आणि जयेश गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा बँड उभारून भारतीय तालवाद्ये आणि स्वरांची सांगड घातली, हेही याच प्रश्नाचे उत्तर होय. स्वदेशाची जाणीव परदेशात तीव्र होते, हा अनुभव साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही.

‘डेझर्ट रेन’ : मैफलीचे मुद्रण

‘इंडियन ओशन’ची पायाभरणी सुस्मित सेन (गिटार) आणि आशीम चक्रवर्ती (तबला व गायन) यांनी १९९० मध्ये दिल्लीत केली. राहुल राम (बास गिटार व गायन) १९९१ मध्ये आणि अमित किलम (तालवाद्ये) १९९४ मध्ये त्यांना मिळाले. पहिला अल्बम १९९३ मध्ये एचएमव्हीतर्फे निघाला. दुसरा अल्बम मात्र मोठ्या कंपनीने आखलेल्या स्टुडिओ-प्रकल्पातून निर्माण झाला नाही. दिल्लीत ‘सहमत’ या संस्थेच्या कार्यक्रमात १९९७ च्या आरंभी बँडने जे वाजवले, त्याचेच मुद्रण ‘डेझर्ट रेन’ या नावाने प्रसिद्ध झाले.

या स्थळाला अर्थ आहे. साहिबाबादजवळील झंडापूर येथे १ जानेवारी १९८९ रोजी ‘जन नाट्य मंच’चे पथनाट्य सुरू असताना सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृत्यर्थ त्याच वर्षी ‘सहमत’ची स्थापना झाली आणि दर नववर्षदिनी कलावंतांचा मेळावा भरू लागला. या मंचावर शास्त्रीय गायक, कवी, चित्रकार आणि रॉक बँड शेजारी शेजारी येत. श्रोता तिकीट काढून आलेला ‘रॉकचा चाहता’ नव्हता. त्यामुळे बँडला परदेशी गाण्यांची प्रतिकृती सादर करण्याचे दडपण नव्हते आणि कंपनीच्या अपेक्षेप्रमाणे तीन-चार मिनिटांत गाणे आटोपण्याचेही नव्हते.

याचा परिणाम रचनांवर स्पष्ट दिसतो. ‘बोल वीव्हिल’, ‘फ्रॉम द रुइन्स’ आणि शीर्षकरचना यांसारख्या दीर्घ रचनांत शब्दांपेक्षा वाद्यरचना, आलाप आणि तालाचे बोल यांवर भर आहे. एखादी स्वरावली गिटारवर मांडायची, तिचा हळूहळू विस्तार करायचा, तबला आणि ड्रम यांच्यात संवाद घडवायचा आणि मग सर्वांनी एका आवर्तनावर एकत्र यायचे, ही पद्धत हिंदुस्थानी मैफलीच्या श्रोत्याला ओळखीची आहे. बास गिटारचा सततचा ठेका मात्र रॉकचा आहे. आशीम चक्रवर्ती तबला वाजवत गात. त्यामुळे ताल आणि गळा यांची श्वासलय एकच राहते. स्टुडिओत वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे थर मुद्रित करून हा परिणाम साधणे कठीण आहे. चार माणसे एकमेकांकडे पाहत वाजवत आहेत, ही गोष्ट ऐकताना जाणवते.

‘बोल वीव्हिल’ या शीर्षकाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. हा अमेरिकेतील कापसाच्या बोंडावर पडणारा सोंड्या किडा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने तेथील कपाशीचा विध्वंस केला आणि कृष्णवर्णीय गायकांच्या ब्लूज गाण्यांत तो वारंवार आला. ब्लूज हा रॉकचा पूर्वज. म्हणजे आपण ज्याला ‘महानगरी’ संगीत म्हणतो त्याच्या मुळाशी शेतमजुराचे दुःख आहे. आपल्याकडील बोंडअळी ही निराळी कीड असली तरी विदर्भातील शेतकऱ्याला हे शीर्षक समजावून सांगावे लागणार नाही.

अल्बमच्या स्वीकाराची कथा संथ आहे. व्यापक श्रोतृवर्ग बँडला मिळाला तो २००० मध्ये टाइम्स म्युझिकने काढलेल्या ‘कंदिसा’ या तिसऱ्या अल्बमनंतर. त्यानंतर श्रोते मागे वळून ‘डेझर्ट रेन’कडे गेले. दुसऱ्या अल्बमचा अर्थ तिसऱ्याने उलगडून दाखवला. येथे ‘इंडस क्रीड’शी असलेले साम्य ध्यानात येते. दोन्ही बँडांच्या दुसऱ्या अल्बमला त्याच्या काळाने पुरेसे ऐकले नाही. फरक इतकाच की, एकाकडे श्रोते परत गेले आणि दुसऱ्याकडे नाव बदलल्यामुळे परत जाण्याची वाटच पुसट झाली.

शब्दांचा प्रश्न

‘डेझर्ट रेन’चे हे सामर्थ्य मान्य करूनही त्याची एक मर्यादा सांगितली पाहिजे. हुतात्मा नाट्यकर्मीच्या स्मृतिदिनी, राजकीय आशयाच्या मंचावर सादर झालेले हे संगीत शब्दांना दूर ठेवते. नादाला शब्दाची गरज नसते, हा युक्तिवाद सौंदर्यशास्त्रीय दृष्ट्या योग्य आहे. परंतु त्याच काळात बँडचे राहुल राम हे नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते म्हणूनही काम करीत होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे येत होती. तेव्हाच्या धुळे आणि १९९८ नंतरच्या नंदुरबार जिल्ह्यातील ही आदिवासी गावे. मणिबेली हे त्यांतील पहिले. या खोऱ्यातील गाणे बँडच्या संगीतात उघडपणे आले ते ‘कंदिसा’मधील ‘मा रेवा’ या नर्मदास्तुतीच्या रूपाने, म्हणजे तिसऱ्या अल्बममध्ये.

दुसऱ्या अल्बमने शब्द टाळले म्हणून तिसऱ्यात दुसऱ्यांचे शब्द घेण्याची पात्रता आली, असे याचे एक स्पष्टीकरण देता येईल. आधी सामूहिक वादनाची भाषा पक्की झाली. मग त्या भाषेत नर्मदेचे गाणे किंवा केरळमधील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्रार्थना सामावून घेता आली. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. खोऱ्यातील गाणे दिल्लीच्या बँडने गायल्यावर ते जगभर गेले. खोऱ्यातील गायक मात्र त्या ध्वनिमुद्रिकेवर नावाने उरला नाही. बँडच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण लोकगीत ‘पारंपरिक’ म्हणून नोंदवले गेले की त्याला कर्ता उरत नाही, हा आपल्या ध्वनिमुद्रण-व्यवहाराचा स्थायी दोष आहे आणि चांगल्या हेतूनेही तो दूर होत नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अध्यापकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७) आणि भातसा या जलाशयांचे पाणी मुंबईला जाते. त्या पाण्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या कुणबी, ठाकर, कातकरी आणि वारली समाजांची गाणी मात्र मुंबईपर्यंत पोहोचली नाहीत. ज्या शहरात ‘द सेकंड कमिंग’ मुद्रित होऊ शकला त्या शहराची तहान भागवणाऱ्या खोऱ्यांतील नाद अमुद्रितच राहिला. ध्वनिमुद्रणाची साधने कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न म्हणूनच संगीतसमीक्षेचा आहे. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतासंदर्भात दाखवून दिले की, स्वस्त कॅसेटने मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक संगीताला बाजार मिळवून दिला. महाराष्ट्रातही प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटमुळे वाड्यावस्त्यांपर्यंत गेले. परंतु कॅसेटने ज्यांना बाजार होता त्यांना आवाज दिला; ज्यांना बाजार नव्हता ते तिच्याही बाहेर राहिले.

देशीयतेचा निकष

भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात मांडलेला देशीयतेचा विचार मराठी समीक्षेत दूरगामी ठरला. भूमीशी आणि भाषेशी असलेले नाते हा त्याचा गाभा. या निकषाने पाहिल्यास ‘डेझर्ट रेन’ उत्तीर्ण आणि ‘द सेकंड कमिंग’ अनुत्तीर्ण, असा निकाल चटकन लावता येईल. मात्र तो लावताना आपण नकळत वाद्यांची यादी तपासत असतो. तबला आहे म्हणून देशी, कीबोर्ड आहे म्हणून परदेशी. हा निकष स्वतःवरच उलटतो. हार्मोनियम युरोपातून आली आणि भजनी मंडळाची झाली. व्हायोलिन कर्नाटक संगीताचे झाले. सनई-चौघड्याच्या जागी आलेला ब्रास बँड आपल्या लग्नाच्या वरातीत परका वाटत नाही. कादंबरी आणि नाटक यांचे आजचे मराठी रूपही बाहेरच्या संस्कारांतून घडले आहे. वाद्याचा जन्म कोठे झाला यापेक्षा ते कोणत्या समुदायाच्या कोणत्या गरजेसाठी वाजते, हा देशीयतेचा अधिक खोल निकष ठरतो.

या दृष्टीने ‘रॉक मशीन’ची कृती मुंबईच्या एका विशिष्ट समुदायाची, रंगभवनच्या पायऱ्यांवर जमणाऱ्या बहुभाषक तरुणांची, अस्सल अभिव्यक्ती होती. तिचा समुदाय लहान होता, एवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. त्या समुदायाचे घरही पुढे टिकले नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडू लागला आणि रंगभवनमधील मैफली थांबल्या. नियमाचे औचित्य मान्य करूनही, एका संगीतपरंपरेचे पर्यायी घर उभारण्याची तत्परता दाखवली गेली नाही, हे नोंदवावे लागते. दुसरीकडे ‘इंडियन ओशन’चे तथाकथित भारतीयत्व हे तबल्यापेक्षा मैफलीच्या रीतीत आहे : विस्ताराला वेळ देणे, सहवादकाला जागा देणे, श्रोत्याच्या उपस्थितीत रचना पूर्ण करणे. या रीती गिटारवरही शक्य होतात, हे त्याने सिद्ध केले.

वर्गवारी आणि महाविद्यालय

हा विचार केवळ दोन अल्बमांपुरता ठेवल्यास त्याचा आपल्या अध्यापनाशी संबंध उरणार नाही. आपल्या महाविद्यालयांतील सांस्कृतिक उपक्रमांवर युवा महोत्सवांच्या वर्गवारीचा मोठा प्रभाव असतो. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात शास्त्रीय गायन, सुगम गायन, पाश्चात्त्य गायन, भारतीय समूहगान, पाश्चात्त्य समूहगान, लोकवाद्यवृंद असे विभाग आहेत. स्पर्धेच्या सोयीसाठी विभाग लागतात, हे खरे. पण ‘डेझर्ट रेन’मधील एखादी रचना घेऊन एखादा विद्यार्थी-संघ उभा राहिला तर त्याला कोणत्या विभागात घ्यायचे? गिटार व ड्रममुळे ती लोकवाद्यवृंदात बसत नाही, शब्द नसल्यामुळे समूहगानात बसत नाही, आणि तबल्यामुळे पाश्चात्त्य म्हणवत नाही.

या वर्गवारीचा तोटा ग्रामीण विद्यार्थ्याला अधिक होतो. ‘पाश्चात्त्य’ विभाग इंग्रजी माध्यमातील शहरी विद्यार्थ्यांचा आणि ‘लोक’ विभाग ग्रामीण व आदिवासी विद्यार्थ्यांचा, अशी अलिखित विभागणी त्यातून रूढ होते. मुरबाडच्या भजनी मंडळात पखवाज शिकलेला मुलगा मोबाइलवर गिटार ऐकतो, शिकतो आणि मित्रांसह काही नवे वाजवू पाहतो. त्याला आपण सांगतो की, स्पर्धेसाठी पखवाज घे. तारपा वाजवणाऱ्या मुलाकडून आपण परंपरेचे जतन मागतो, नवनिर्मिती मागत नाही. शहरातील मुलाला प्रयोगाचा अधिकार आणि गावातील मुलाला जतनाचे कर्तव्य, ही वाटणी सांस्कृतिक दृष्ट्या न्याय्य नाही.

या संदर्भात ‘डेझर्ट रेन’ची घडण आपल्याला व्यावहारिक दिशाही दाखवते. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओवाचून, एका सभेतील सादरीकरण जपून मुद्रित केल्याने एक महत्त्वाची कृती निर्माण होऊ शकली. आज त्यासाठी लागणारी साधने १९९७ च्या तुलनेत कितीतरी स्वस्त आहेत आणि बहुतेक महाविद्यालयांत उपलब्ध आहेत. स्नेहसंमेलनातील वादन काळजीपूर्वक मुद्रित करणे, वादक, गायक आणि गीत देणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव व सादरीकरणाची तारीख यांची नोंद ठेवणे, आणि त्या मुद्रणावर मराठी विभागाने समीक्षात्मक चर्चा घडवणे, हे सहज शक्य आहे. ‘पारंपरिक’ या शब्दाआड कर्त्याचे नाव हरवू न देण्याची दक्षता तेवढी घ्यावी लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. दुसरा अल्बम ही बँडच्या भूमिकेची कसोटी असते. परंतु तिचा निकाल कृतीइतकाच प्रसाराची साधने, सादरीकरणाचे स्थळ आणि श्रोतृसमुदाय यांवर अवलंबून असतो. ‘द सेकंड कमिंग’ स्वरचित गाण्याच्या आग्रहावर ठाम राहिला, पण त्याला श्रोत्यांपर्यंत नेणारी व्यवस्था त्याच्यानंतर आली. ‘डेझर्ट रेन’ मोठ्या कंपनीबाहेर, एका सामाजिक मंचावर घडला आणि त्यामुळेच त्याला मैफलीची रीत रॉकमध्ये आणता आली; त्याची निःशब्दता हे त्याचे सामर्थ्य आणि मर्यादाही आहे. संगीताची देशीयता वाद्यांच्या उगमावरून ठरवणे अपुरे आहे. समुदाय, रीत आणि गरज यांवरून ती ठरवावी लागते. ‘पाश्चात्त्य’, ‘भारतीय’ आणि ‘लोक’ ही महोत्सवी वर्गवारी या दोन्ही अल्बमांना न्याय देऊ शकत नाही आणि ग्रामीण विद्यार्थ्याच्या नवनिर्मितीलाही नाही. विद्यापीठ पातळीवर संमिश्र वाद्यवृंदासाठी स्वतंत्र विभाग असावा, आणि तो येईपर्यंत महाविद्यालयांनी आपल्या व्यासपीठावर अशा सादरीकरणाला जागा द्यावी.

‘तीन पैशाचा तमाशा’ला आता जवळपास अर्धे शतक होत आले. मराठीत ढोलकी आणि गिटार एकत्र वाजू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. मराठी भाषेत गाणारा, आपल्या परिसराचा नाद जाणणारा बँड उद्या एखाद्या ग्रामीण महाविद्यालयातून उभा राहिला, तर पहिल्या कार्यक्रमाचे कौतुक आपण नक्कीच करू. त्याला दुसऱ्या कृतीपर्यंत टिकवून ठेवणे आणि ती कृती गांभीर्याने ऐकणे, ही जबाबदारी त्याहून अवघड आहे आणि ती अध्यापकांची आहे.